तांबडीचा पान्हा

पहिली लाथ बादलीला बसली आणि दुसरी शेजारच्या पोरींच्या बापाच्या मांडीला. बादली गडगडत गव्हाणीपर्यंत गेली, बाप शेणात बसला. घरची बाई जाऊन तो तिसरा दिवस होता आणि तीन दिवसांत तांबडी गाईनं कुणाला कासेला हात लावू दिला नव्हता.

"हाण, आणखी हाण," बाप बसल्या जागेवरून म्हणाला. "तेवढं तरी कशाला बाकी ठेवतेस?"

दारात दूधवाला उभा होता. घराघरांतलं दूध कॅनमध्ये गोळा करून तो रोज सकाळी गाडीतून न्यायचा. गावातल्या गायींना त्यांच्या मालकांपेक्षा आपण जास्त ओळखतो, असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

"दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात," तो म्हणाला. "पण हिचं दूध नाही आणि लाथा मात्र आहेत. कास बघ, दगड झालाय. आज-उद्यात दूध निघालं नाही तर कास सडेल, मग गाय गेली म्हणूनच समज."

"वासरू पितंय की."

"वासरू पिऊन पिऊन किती पिणार? पोट आहे का विहीर?"

त्यांचा गोठा आणि आमची भिंत यांत हातभर रुंदीचा बोळ आहे. एवढ्या जवळून माणसानं नाही म्हटलं तरी ऐकू येतंच. तांबडीला त्या बाईनं वासरू असल्यापासून वाढवलं होतं. चार वेतं झाली, चारही वेतांत दुसरा हात कासेला लागला नव्हता. बाईला त्याचा थोडा तोराही होता. सख्ख्या भावाच्या लग्नाला गेली ती संध्याकाळच्या धारेला परत आली होती. "मी नसले तर ती दूध चोरते, कासेतच अडवून धरते," असं ती एखाद्या पोराचं कौतुक सांगावं तसं सांगायची. मग थंडीच्या शेवटी छातीत कफ झाला, ताप चढला आणि सहाव्या दिवशी ती गेली. तांबडीला हे कुणी सांगायचं?

"तिचा तो डगला कुठाय?" दूधवाल्यानं विचारलं.

डगला खुंटीलाच होता. जाड लोकरीचा, तपकिरी, कोपरांना ठिगळं लावलेला. बारा महिने, दोन्ही वेळेला बाई तो घालूनच गोठ्यात जायची. दूध, धूर, घाम, पेंड, सगळं त्यात मुरलं होतं.

"थोरलीला घाल म्हणावं. उंचीला आईएवढीच झालीय. जनावर नाकानं बघतं."

थोरली सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तिनं डगला घातला, बटणं लावली, बादली उचलून तांबडीच्या उजव्या अंगाला बसली. तांबडीनं मान वळवून बाहीचा वास घेतला. एक लांब श्वास सोडला. लाथ आली नाही, पण दूधही आलं नाही.

"बोल की काहीतरी," दूधवाला दबक्या आवाजात म्हणाला. "तुझी आई काय मुकी होती?"

मुकी तर नव्हतीच. धार काढताना तिची पुटपुट सारखी चालायची. सगळ्या आळीला ती पाठ होती. थोरलीनं कपाळ तांबडीच्या कुशीला टेकवलं. मग म्हणाली, "सरक गं. सरक म्हणते ना. पाय घे. घे पाय. शेपटी आवर ती, डोळे फोडशील माझे..."

धार बादलीच्या बुडावर वाजली. आमच्याकडं तेव्हा चहा चालला होता. तो आवाज आणि त्याच्या मागून ती पुटपुट कानावर आली आणि सगळ्यांच्या हातातले कप थांबले. माझी बायको उठली आणि खिडकी लावून आली.

बाप दारातून थोरलीच्या पाठीकडं बघत होता. थोडा वेळ बघितलं आणि मग कुंपणाला काही काम नसताना कुंपणाकडं निघून गेला.

*

थोरलीला जायचं होतं. शहरात जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस व्हायचा दोन वर्षांचा कोर्स होता, त्याची प्रवेश परीक्षा पावसाळ्यानंतर होती. पोरीला लहानपणापासून हाडांचा नाद. माळावरून शेळीचा जबडा, उंदराची कवटी, कावळ्याच्या पायाची नळी असलं काहीबाही आणून धुऊन खिडकीत ओळीनं मांडायची. आई ओरडायची, "घर आहे का मसणवटा?" पण परीक्षेचा अर्ज आईनंच भरायला लावला होता. मरायच्या आधी दोन आठवड्यांची गोष्ट. त्यानंतर त्या घरात ती परीक्षा सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

पहाटे धार, मग शाळा, आल्यावर स्वयंपाक, परत धार. अभ्यासाला वेळ उरेना, म्हणून थोरली धारेलाच अभ्यास करायला लागली. पण सूर आईचाच लावावा लागायचा; दुसऱ्या सुराला तांबडी कान टवकारायची आणि दूध आखडायची.

"सरक गं. मणक्याचे भाग पाच. मान, पाठ, कंबर. पाय घे म्हणते ना. त्रिकास्थी आणि शेपटी. शेपटी आवर मेले. पोटाचे कप्पे चार..."

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात हे त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालं. आम्ही हसायचो. दूधवाला तर बोळाच्या तोंडाशी उभा राहून विचारायचा, "काय गं तांबडे, परीक्षेला तूच बसतेस वाटतं?" महिनाभरानं आमचं हसणं बंद पडलं. थोरली विहिरीवर, दुकानात, रस्त्यातसुद्धा त्याच सुरात बोलायला लागली होती. एकदा माझी बायको तिला पाठमोरी बघून, जी गेली तिच्याच नावानं हाक मारून बसली. आणि थोरलीनं ओ दिली.

उन्हाळा कडक गेला. वावरात भेगा पडल्या, त्यांत हात जाईल एवढ्या. धाकटीला त्या भेगांचा आनंद, कारण तिला मुंग्यांचा नाद होता. सात वर्षांची पोर दिवसभर उकिडवी बसून मुंग्यांच्या रांगा बघायची. आई असताना रात्री जेवताना सगळं आईला सांगायची. आता घरात जेवताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं, मीठ मागण्यापुरतं सोडून.

मग एका संध्याकाळी ती गोठ्यात आली आणि थोरलीच्या मागं कडब्याच्या पेंढीवर बसली.

"आज मुंग्यांनी घर बदललं," ती म्हणाली. "अंडी घेऊन चालल्या होत्या. एक लंगडी होती, तिला दुसऱ्या दोघींनी नेलं."

"हो का?" थोरली म्हणाली आणि वळायला लागली.

"मागं वळू नकोस."

"का गं?"

"वळू नकोस ना. मी तुला सांगत नाहीये."

थोरली वळली नाही. तिनं हे नंतर माझ्या बायकोला सांगितलं, तेव्हा बायकोनं विचारलं, "मग तू काय केलंस?" थोरली म्हणाली, "काय करणार काकू? विचारलं, लंगडी पोचली का म्हणून."

तेव्हापासून धाकटी रोज संध्याकाळी यायची, डगल्याच्या पाठीला दिवसभराचं सगळं सांगायची आणि धार संपायच्या आधी निघून जायची. थोरलीचं तोंड दिसायच्या आत.

बाप गोठ्याशी आला तो पावसाळा सरल्यावर. हा माणूस मुळात अबोल. वावरातून आला की जुने रेडिओ उघडून बसणं हा त्याचा एकमेव शौक. गावातले बिघडलेले सगळे रेडिओ त्याच्याकडं. बायको गेली तेव्हा एक रेडिओ पोट उघडून टेबलावर पडला होता, तो तसाच धूळ खात होता. त्या संध्याकाळी बाप गोठ्याच्या दाराला टेकून उभा राहिला. बराच वेळ धारेचा आवाज ऐकला. मग म्हणाला, "खालच्या वावरातले बटाटे काढू का? वरचा पाला वाळलाय."

पाठ हलली नाही. पुटपुट मात्र थांबली, आणि त्याच सुरात उत्तर आलं, "अहो, थांबा आठ दिवस. खाली ओल आहे अजून. बटाट्याची साल घट्ट होऊ दे."

बाप "बरं" म्हणाला आणि गेला. आठ दिवस थांबला. आधी काढणाऱ्यांचे बटाटे ओलीनं कुजले, याचे टिकले. गावात लोक म्हणाले, अंदाज चांगला आहे. पण थोरली मात्र त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

"काकू, मी बटाट्याचं कधी काही बघितलंच नाही. मला काय ठाऊक ओल कुठं असते? तोंडातून आलं आपोआप."

"अगं, आईचं ऐकलेलं असेल कधीतरी."

"आणि 'अहो'? बाबांना मी 'अहो' म्हणाले. तेही 'बरं' म्हणाले."

माझी बायको उठली. तिनं चहा दिला.

त्या संध्याकाळी थोरलीनं ठरवून उत्तर दिलं नाही. बाप दाराशी उभा राहिला, काहीतरी गवताचं विचारलं, थांबला. अर्धा तास तसाच उभा होता. मग न जेवता झोपला. तिसऱ्या दिवशी थोरलीनं उत्तर दिलं. आठवडाभरानं बापानं त्या उघड्या रेडिओवरची धूळ झटकली. घर पुन्हा सुरू झालं होतं, दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, गोठ्यात.

*

उन्हाळा लागायच्या आधीच तांबडी गाभण राहिली होती. पोट तपासायला डॉक्टर आला तेव्हा त्यानं गोठ्याच्या दारावर खडूनं दोन तारखा लिहिल्या. वरची आटवायची, खालची वेण्याची. गाभण गाईचं दूध वेण्याआधी दोन महिने बंद करायचं असतं. म्हणजे अंगात बळ साठतं, पोटातलं वासरू अंग धरतं. शेतकऱ्याच्या घरात हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं.

वरची तारीख आली आणि गेली.

त्या दिवशी पहाटे थोरली बादली घेऊन दाराशी आली, खडूची अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर होती. ती आत गेली. संध्याकाळी बाप त्याच दाराला टेकून उभा राहिला. त्याचा खांदा अक्षरांना लागत होता. खांद्याला खडू लागला तो त्यानं झटकला. दूधवाल्यानं एकदा विचारलं, "अजून चालूच आहे होय धार?" तर बाप म्हणाला, "देतेय तोवर घ्यायचं." दूध तर एव्हाना लोटीभरसुद्धा निघत नव्हतं. थोरली तीन-तीनदा सड ओढायची. धार तुटक पडायची, पण अर्ध्या तासाच्या आत ती उठायची नाही.

गाईला आटवली की धार नाही. धार नाही की डगला नाही. आणि मग संध्याकाळी धाकटी कुणाला सांगणार, बाप कुणाला विचारणार? तिघांनीही हा हिशेब आपापल्या मनात केला होता. तिघांचं उत्तर एकच होतं.

त्यातच थोरलीची परीक्षा झाली. त्या दिवशी धार रोजच्यापेक्षा लवकर काढून ती बसनं गेली, संध्याकाळच्या धारेला आली, आईसारखीच. कसा गेला पेपर म्हणून माझ्या बायकोनं बोळातून विचारलं.

"चांगला गेला. एक प्रश्न तर दहा गुणांना होता. गाभण गाय कधी आटवावी आणि न आटवल्यास काय होतं?"

"मग?"

"चार मुद्दे लिहिले. वासरू अशक्त जन्मतं. गाय खंगते. पहिलं दूध पातळ होतं. चौथा..." तिनं डगल्याची बटणं लावली. "चौथा मुद्दा, काकू, गाय वेताना उठतच नाही."

आणि ती आत गेली. "सरक गं. पाय घे."

*

पुढं दोन आठवड्यांनी आमच्या शेळीला बघायला डॉक्टर आला होता. जाताना बोळातून त्याची नजर गोठ्यात गेली आणि तो थबकला. तांबडीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. पोट तेवढं पुढं आलेलं. थोरली बादली घेऊन नुकतीच उठली होती, बाप दारात, धाकटी पेंढीवर.

"ही तारीख कुणी लिहिली?" डॉक्टरनं दाराकडं बोट दाखवलं.

"तुम्हीच," बाप म्हणाला.

"मग वाचली नाही का कुणी?"

थोरलीनं बादली खाली ठेवली.

"जनावराच्या पोटात वासरू आहे, अंगावर मांस नाही, आणि तुम्ही लोटीभर दुधासाठी तिला पिळताय? एवढी कसली हाव? या घरात शिकलेलं कुणी आहे की नाही?"

"मी आहे," थोरली म्हणाली. डगल्यात. आईच्या सुरात. डॉक्टर तिच्याकडं बघत राहिला.

"आजपासून बंद," एवढंच तो म्हणाला. "नाहीतर दोघांतलं एकही हाती लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात बादली वाजली नाही. सूर्य वर आला तशी तांबडी हंबरायला लागली. संध्याकाळी तर तिनं दावं ताणून धरलं. वेळेवर बरोबर, मान घराच्या दाराकडं, हंबरणं लांबच लांब. धाकटी कानांवर हात घेऊन घरभर फिरत होती.

"हाक मारतेय ती," ती म्हणाली. "जा ना ताई. फक्त बसून ये. दूध नको काढूस."

"बसले की ती पान्हा सोडेल. सोडला की काढावाच लागेल."

"मग काढ."

"नाही."

बाप टेबलाशी रेडिओ घेऊन बसला होता. हातातला पेचकस त्यानं खाली ठेवला. "एकदा काढ," तो म्हणाला. "आजचा दिवस. शेवटचं म्हणून."

"शेवटचं कुणाचं, बाबा?"

बापानं पेचकस पुन्हा उचलला.

"तुम्हाला तारीख दिसत होती," थोरली म्हणाली. आवाज चढला होता. कित्येक महिन्यांत तिचा स्वतःचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. "मलाही दिसत होती. मी पुस्तकातनं वाचून दाखवत होते गाईला, तुम्ही दारात उभे राहून ऐकत होता. तिचा जीव गेला असता तर आपण काय सांगितलं असतं? आईला भेटायला जात होतो म्हणून?"

"असं बोलू नकोस."

"कसं बोलू मग? तिच्यासारखं बोलू?"

ते ऐकून धाकटी रडायला लागली. बाप उठला, तिला उचलून बाहेर घेऊन गेला. गाय हंबरतच होती.

सकाळी भर उजेडात थोरलीनं चुलीवर मोठं भांडं चढवलं, त्यात सोडा टाकला आणि डगला उकळला. मग अंगणातल्या दगडावर घेऊन धोपटला. चार पाणी काढली तरी तपकिरी पाणी निघत होतं. भिंतीपलीकडून माझ्या बायकोला राहवलं नाही.

"अगं, ठेवायचा होतास गं तसाच."

"ठेवला असता तर घातला असता, काकू."

डगला आटून एवढासा झाला. धाकटी चार दिवस थोरलीशी बोलली नाही. तांबडी तिसऱ्या दिवशी हंबरायची थांबली. तिला पुन्हा चरताना बघून बरं वाटायला हवं होतं, पण संध्याकाळ झाली की त्या घरात तिघं तीन कोपऱ्यांत बसलेली दिसायची. गोठ्यात फक्त रवंथ.

*

परीक्षेचा निकाल आला. थोरलीला जागा मिळाली होती. कोर्स सुरू व्हायची तारीख गाईच्या वेण्याच्या तारखेनंतर बारा दिवसांची होती. कागद घेऊन ती बापासमोर उभी राहिली तेव्हा तिची आत्या, म्हणजे बापाची बहीण, तिथंच बसली होती.

"माय मरो पण मावशी जगो म्हणतात," आत्या म्हणाली. "इथं तर देवानं मावशीही नाही ठेवली. थोरलीच आई झाली घराची. ती निघाली तर गाईला कोण, पोरीला कोण? दुसऱ्या हाताला गाय दूध देईना. एक वर्ष थांबलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"आत्या, यंदा थांबले तर पुढच्या वर्षीही गाय मलाच ओळखेल."

"मग?"

"मग काय? म्हणून तर. व्याल्यावर पहिल्या दिवशी जो हात लागतो तो गाय धरते. या वेताला माझा हात लागणार नाही. बाबांनी काढायची."

"याला? जवळ गेला की लाथाच खाल्ल्यात यानं. आणि धारेला बोलावं लागतं म्हणतेस. याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पेचकस लागतो!"

बापानं कागद हातात घेतला, वाचला, घडी करून परत दिला. "बघू," म्हणाला. त्या घरात 'बघू'चा अर्थ आजवर 'नाही' असाच होता. थोरलीनं आपलं सामान बांधलं नाही.

तांबडी तारखेच्या दोन दिवस आधी, दुपारी व्याली. डॉक्टर होता म्हणून निभावलं. कालवड झाली. ओल्या पोत्यासारखी पडून राहिली, तासभर उठलीच नाही. उठली तेव्हा चारही पाय चार दिशांना. पण उठली. तांबडी तिला चाटत होती. मान वर करून दाराकडं बघायला तिला फुरसत नव्हती. थोरली तेव्हा आमच्या घरात बसली होती. स्वतःच येऊन बसली होती, दार लावून.

पहिल्या दिवशी बापाला दोन लाथा बसल्या. दुसऱ्या दिवशी एक. कालवडीला अजून चोखायचं बळ नव्हतं; तिला बाटलीनं पाजण्यापुरतं दूध निघालं. तिसऱ्या दिवशी दूधवाला म्हणाला, "अरे, बोल तिच्याशी. शिव्या दे हवं तर. मुकाट हात लागला की जनावराला तो चोराचा वाटतो."

"काय बोलू?"

"मला विचारतोस? एवढे दिवस गोठ्याच्या दारात उभा राहून काय बोलत होतास ते बोल."

बाप पुन्हा कासेशी बसला. मग खाली मान घालून त्यानं तांबडीला दिवसभराचं सांगायला घेतलं. वावरात काय झालं, कुठली बांधाची कड ढासळली, कुणाचा रेडिओ आलाय आणि त्यात काय बिघडलंय. अडखळत, एकेक शब्द वेगळा काढून. तांबडीनं कान हलवले. चौथ्या दिवशी संध्याकाळी, एका बारीक तारेची हकिकत चालू असताना, तिनं पान्हा सोडला.

पाचव्या दिवशी धाकटी येऊन पेंढीवर बसली. नुसती पाठीकडं बघत राहिली. बाप धार थांबवून मागं वळला.

"बोल," तो म्हणाला.

धाकटीला ते तोंड नवं होतं. ती म्हणाली, "मुंग्यांना पंख फुटलेत."

"मग आता उडतील की."

"हो. पण सगळ्यांना नाही फुटत."

गाडं रुळावर येतंय असं वाटत असतानाच सातव्या दिवशी घात झाला. संध्याकाळी धार चालू असताना थोरलीनं अंगणातून धाकटीला जेवायला हाक मारली. नकळत, आईच्या सुरात. तो आवाज गोठ्यात पोचला आणि तांबडीनं मान झटक्यानं वर केली. कासेतलं दूध जागच्या जागी आखडलं. पुढं दोन वेळा तिनं बापाला थेंब दिला नाही. दाराकडं बघत हंबरत राहिली, आणि कालवड उपाशी पायात घुटमळत राहिली. आधीच अशक्त पोर. तिला दोन वेळाही जड गेल्या.

बापानं त्या रात्री थोरलीला काही म्हटलं नाही. थोरलीनंच म्हटलं, "मी इथं असेपर्यंत ती तुमची होणार नाही."

"दिसतंय," बाप म्हणाला. मग म्हणाला, "सामान बांध."

त्यापुढं धारेच्या वेळेला थोरली घरात तोंडातून आवाज काढत नव्हती. खुणा करायची. ताटवाटीही जपून ठेवायची. स्वतःच्या घरात पोर चोरासारखी वावरत होती आणि गोठ्यात गाय हळूहळू बापाची होत होती.

शहराची गाडी आमच्याकडं सकाळी, धारेच्या वेळेलाच येते. त्याला कुणाचा इलाज नाही. जायच्या दिवशी थोरलीनं धाकटीला उंबऱ्यात पोटाशी धरलं, न बोलता. धाकटीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग थोरली पेटी घेऊन निघाली, आणि रस्त्याकडं न जाता आमच्या बोळात शिरली. गोठ्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी आणि बायको आमच्या दारात होतो. तिनं आमच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

आत धार चालू होती. धार मध्ये सोडून उठता येत नाही. उठलं की गाय राहिलेलं चोरते, आणि ही गाय तर अजून कच्ची होती. बापाला भिंतीपलीकडची पावलं ऐकू आली असणार. बोळातले खडे वाजतात. त्याचं बोलणं क्षणभर अडलं, मग पुन्हा सुरू झालं, तसंच, गाईला सांगितल्यासारखं, सूर न बदलता.

"...खालच्या वावरात नांगर घालायचाय. जमीन वाफशावर आलीय, ओल बेताची आहे. कालवड अंग धरतेय, डॉक्टर म्हणाला. थोरली निघालीय आज. गाडी येईलच. नीट जा म्हणावं. इथलं होतंय आता, मी करतोय. धाकटीकडं बघतोय. तू मागं नको बघूस. जा. जा आता."

थोरलीनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. तो हे थोरलीला सांगत होता की जी गेली तिला, ते मला अजूनही कळलेलं नाही.

वळणावर गाडीचा भोंगा वाजला. तिनं एक हात काढून पेटी उचलली, दुसरा तोंडावर तसाच ठेवून ती बोळातून निघाली. गाडी आली, थांबली, गेली. धूळ खाली बसली तरी गोठ्यातली धार चालूच होती, एकसारखी, मध्ये कुठंही न तुटता.